सुनेची तिसरी ताकीद

३ सप्टेंबर

बिश्केकहून आज परत आले. सलूनच्या कंपनीचं प्रशिक्षण अर्ध्यावर सोडून आले. घरी सांगितलं, तिथलं पाणी मानवलं नाही. नवरा, म्हणजे आमचा म्हातारा, म्हणाला, तुला पाणी मानवलं नाही की पाण्याला तू? या वहीत मात्र खरं लिहायला हरकत नाही. मला नापास केलं.

नापास करणारी पोरगी माझ्या मुलाहून, तिलेकहूनही लहान. नखं लांब, आवाज गोड. म्हणे, गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की विचारायचं, ‘तुम्हाला काय हवं आहे?’ आणि मग गप्प राहून ऐकायचं. मी म्हटलं, बाळ, तीस वर्षं मी काराकोलमध्ये केस कापते आहे. बाई दारातून आत आली की मला कळतं तिला काय हवं आहे. तिला स्वतःला नंतर कळतं. तिने कागदावर काहीतरी लिहिलं. मग सरावासाठी एक बाई खुर्चीत बसवली. मी तिला आधी विचारलं कोणाची मुलगी, मग लग्न झालं का, आणि नाही झालं तर का नाही. या तिन्ही प्रश्नांना नियमावलीत मनाई आहे असं नंतर कळलं. ‘ऐकणे’ या विषयात मला शून्य मिळालं. शून्य, आणि तेही बुरुलला. आमच्या गावातली निम्मी डोकी माझ्या हाताखालून गेली आहेत.

पण आता हसण्यावारी नेऊन चालणार नाही. बाजाराच्या तोंडाशी दुसरं एक चकचकीत सलून उघडलं तेव्हा मीच घाबरून या कंपनीची फ्रँचायझी घेतली होती. सही करताना करार वाचला नाही. करार म्हणतो, सलूनचं दार उघडं असेल तोवर आत कंपनीने शिकवलेला मॅनेजर हवाच. आमची चोल्पोन होती, ती ऑगस्टमध्ये लग्न करून नारिनला गेली. तिची जागा दोन महिन्यांत भरली नाही, तर कंपनी आपलं नाव काढून घेणार. तेवढंच असतं तर मी हात झटकून मोकळी झाले असते. पण त्याखाली बारीक अक्षरात आहे, की मग मला दोन वर्षं या गावात कुठेही कैची धरता येणार नाही.

दोन वर्षं मी काय करू? म्हाताऱ्याकडे बघत बसू?

५ सप्टेंबर

उपाय सापडला. बेगायिमला पाठवते.

सून आहे माझी. चार वर्षांत तिने वर मान करून बोललेलं मला आठवत नाही. सासूला ‘हो आपा’ आणि ‘बरं आपा’, एवढ्या दोन वाक्यांवर तिचा संसार चालला आहे. माझं नाव तर सोडाच, माझ्या नावाशी जुळणारा शब्दही ती टाळते. रीतभात तिच्या आईने नीट शिकवली आहे, त्याबद्दल वाद नाही. ती प्रशिक्षण घेऊन येईल, भिंतीवर प्रमाणपत्र टांगेल, आणि सलून मी चालवीन. कंपनीला मॅनेजर मिळेल आणि मला त्रास नको.

वेराला ही युक्ती सांगितली. वेरा पेत्रोव्ना माझ्याबरोबर जुन्या हमामखान्याच्या न्हावीखोलीपासून आहे, रंगकामात तिचा हात कोणी धरणार नाही. ती म्हणाली, “बुरुल, तुला मॅनेजर नको आहे, बाहुली हवी आहे.”

मी म्हटलं, अगदी बरोबर.

बेगायिमला चहा ओतता ओतताच सांगितलं. ती म्हणाली, बरं आपा. फक्त किटली क्षणभर हवेतच राहिली. घाबरली असेल बिचारी.

१० सप्टेंबर

घरात मीठ कुठे असतं हे मला माहीत नाही. माझ्याच घरात! तिलेकला विचारलं तर तो म्हणाला, बेगायिमला फोन करतो. मी म्हटलं, खबरदार, तिला अभ्यास करू दे. मग बिनमिठाचं सूप तिघांनी मुकाट्याने खाल्लं.

गायीची धार पहाटे पाचला काढावी लागते हे ऐकून माहीत होतं. गायीने मला लाथ मारली. तिलाही सवय बेगायिमचीच.

२० सप्टेंबर

आली. आल्या आल्या उंबऱ्यात वाकून सलाम केला, पिशवी ठेवली, हात धुतले आणि चुलीशी गेली. मी विचारलं, पास का? म्हणाली, हो आपा. तिलेकने हळूच सांगितलं की ती सगळ्या वर्गात पहिली आली. बरोबरच आहे, घरून वळण चांगलं मिळालं आहे.

जेवणानंतर मी तिला तिचं काम समजावलं. मी जे सांगेन त्याला मान हलवायची. ती म्हणाली, बरं आपा.

२३ सप्टेंबर

आज मॅनेजरबाईंचा पहिला दिवस. माझं डोकं अजून गरम आहे.

सकाळी मी नेहमीप्रमाणे तिसऱ्या खुर्चीशी उभी राहिले. माझी खुर्ची ती. खिडकीतून डोंगर दिसतो, आणि रस्त्याने कोण कुणाबरोबर जातं तेही. मी कंगवा एप्रनच्या खिशातून काढला तोच बेगायिम आरशासमोर येऊन उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. आरशाला म्हणाली,

“खिशातला कंगवा गिऱ्हाइकाच्या डोक्याला लावायचा नाही, तो आधी औषधाच्या पाण्यात बुडवायचा असतो.”

मी म्हटलं, कोणाशी बोलतेस? ती म्हणाली, आरशाशी, आपा. मोठ्यांना सांगायची माझी काय बिशाद!

मग दिवसभर ती आरशाशी बोलत होती. खिडकीत चहाचा पेला ठेवायचा नाही. जमिनीवरचे केस पुढचं गिऱ्हाईक बसायच्या आत झाडायचे. शेजारणीचे केस फुकट कापायचे असतील तर तसं लिहून ठेवायचं. वेरा हसून हसून कोपऱ्यात बसली. संध्याकाळपर्यंत वेराही आरशाला म्हणू लागली, आरशा, माझे पाय दुखतात, मी घरी जाऊ का?

आणि घरी आल्यावर हीच पोरगी वाकून माझे बूट काढायला आली. मला समजेना, रागवावं कोणावर.

२९ सप्टेंबर

माझ्यावर लेखी ताकीद निघाली आहे. खिशातल्या कंगव्यावरून. कागद भिंतीच्या पाटीवर लावला होता. मी चष्मा लावून वाचला. लिहिलंय, ‘पांढऱ्या रुमालाच्या मोठ्या बाईंना ताकीद देण्यात येते.’

मला हसू आलं. नावच नाही! अशी ताकीद कोणाला लागू होणार? डोक्याला पांढरा रुमाल बांधणाऱ्या गावात किती बायका असतील! तीन महिन्यांत तीन ताकिदी मिळाल्या की माणसाला सलूनमध्ये काम करता येत नाही, असा नियम आहे म्हणे. मिळू देत. पोरीची शिकवणच तिच्या आड येते आहे. नियम मोडणार नाही म्हणते आणि रीतही सोडत नाही.

तशी माझ्याकडे कंपनीचं साधं प्रमाणपत्रही नाही. केस कापणाऱ्या प्रत्येकाकडे ते हवं, मालक असो वा नसो. चोल्पोन त्याकडे कानाडोळा करायची. बेगायिमही काही बोलत नाही. फक्त मी कैची उचलली की तिचं लक्ष दाराकडे जातं.

२ ऑक्टोबर

बेगायिमचा अभ्यास कच्चा आहे असं दिसतं. रोज रात्रीची भांडी झाली की ती नियमावली घेऊन माझ्यापाशी येऊन बसते. म्हणते, आपा, माझं पाठ होत नाही, तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलता तसं बोलून दाखवा ना, मी नियमाशी ताडून बघते. मग मी बोलते, ती ऐकते, आणि कुठे नियम वेगळा असेल तिथे हळूच म्हणते, आपा, पुस्तकात असं आहे, हे विचित्रच आहे नाही? मी म्हणते, विचित्र आहे पण अवघड नाही. आणि तिला पुस्तकाप्रमाणे करून दाखवते, म्हणजे तिच्या डोक्यात शिरावं. औजारं धुण्याचा क्रम, औषधाचं प्रमाण, कापलं-भाजलं तर काय करायचं, सगळं मी तिला करून दाखवलं. आता ते मला तोंडपाठ आहे. तिला अजून नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.

झाल्यावर ती एका कागदावर तारीख टाकते आणि बाजूला रेघ मारते. मनाची शिस्त चांगली आहे.

८ ऑक्टोबर

कंपनीचा तपासनीस न सांगता येतो, एवढं मला पक्कं माहीत आहे. त्यामुळे आज दुपारी एक अनोळखी माणूस चामडी पिशवी घेऊन आत आला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, हाच तो. न सांगता आलेला पाहुणा देवाने धाडलेला असतो, त्याला उपाशी कसं पाठवणार? मी धावत घरी गेले, कालचं मटण गरम केलं, बोरसोक म्हणजे कणकेचे तुकडे तळले, लोणी आणि जर्दाळूचा मुरंबा घेतला, आणि दोन नंबरच्या खुर्चीपुढच्या फळीवर सगळं मांडलं. तो पोटभर जेवला. दोनदा वाढून घेतलं. मग मिशा पुसून विचारलं, ही गीझरची दुरुस्ती नक्की कुठे करायची आहे? तो शेजारच्या घरी निघाला होता.

दुसरी ताकीद निघाली. ‘पांढऱ्या रुमालाच्या मोठ्या बाईंनी केस कापण्याच्या जागी मटण वाढले.’ हा मजकूर कंपनीच्या दप्तरात कायमचा राहणार.

१२ ऑक्टोबर

आज मी तिच्यावर ओरडले. सगळ्यांदेखत.

कारखान्यातली एक बाई केस कापायला आली होती. गप्प होती, आणि मला गप्प माणूस बघवत नाही. मी विचारलं, मुलं किती? ती म्हणाली नाहीत. मी विचारलं, का? ती उठली, गळ्याभोवतीचं कापड काढून ठेवलं आणि ओल्या केसांनीच निघून गेली. बेगायिम तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेली. परत आली आणि या वेळी आरशाशी बोलली नाही. खाली बघत माझ्याशी बोलली.

“आपा, ती वर्षभर पैसे साठवून आली होती.”

मी म्हटलं, तू कोण मला शिकवणार? तुला मॅनेजर मी केलं, उद्या मीच काढीन. सगळं सलून ऐकत होतं. वेराने नळ बंद केला, तेव्हा तर आणखीच ऐकू गेलं. बेगायिम म्हणाली, बरं आपा.

तिसरी ताकीद तिने लिहिली, पण पाटीवर लावली नाही. नुसती फायलीत ठेवली. मी दमात सांगितलं, लाव ना, भितेस काय? तिने फाईल मिटून कपाटात ठेवली. संध्याकाळी चुलीशी तिचे डोळे लाल होते. म्हणाली, कांदा चिरत होते. पण आज घरात कांदा नव्हता, सकाळीच मी आणायला विसरले होते.

मला तिला काढता येणार नाही, हे मलाही माहीत आहे आणि तिलाही. तिला काढलं की दार बंद. पण म्हातारा रात्री म्हणाला ते मला जास्त लागलं. म्हणाला, ती पोरगी तुझं सलून वाचवते आहे आणि तू तिला तुझ्यापासून सलून वाचवायला लावते आहेस. एरवी हा माणूस मधमाश्यांखेरीज कशावर बोलत नाही.

त्या बाईचं नावही मी विचारलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर

आज झालं ते सगळं लिहायचं आहे.

सकाळी तिसऱ्या खुर्चीत म्हातारा बसला होता. त्याची डावी बाजू कापून झाली होती, उजवी राहिली होती, तेवढ्यात एक तरुण आत आला. स्वच्छ बूट, पातळ कोट. दारातच कंपनीचं ओळखपत्र दाखवलं. एमिल नाव. त्याने आधी औजारं पाहिली, औषधाचं पाणी पाहिलं, झाडलोट पाहिली. सगळ्यावर मान हलवत गेला. बेगायिम त्याच्यामागे ताठ चालत होती. मग त्याने ताकिदींची फाईल उघडली.

वाचता वाचता त्याच्या कपाळाला आठी पडली. म्हणाला, या तिन्ही ताकिदी पांढऱ्या रुमालाच्या कुठल्या तरी मोठ्या बाईंना आहेत, आणि कर्मचाऱ्यांच्या यादीत अशी कोणीच नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्यावर पांढरा रुमाल, हातात कैची, समोर म्हाताऱ्याचं अर्धं डोकं.

“तिसऱ्या खुर्चीजवळच्या बाईंचं नाव काय?” त्याने बेगायिमला विचारलं.

तिने मान खाली घातली.

त्याने पुन्हा विचारलं. मग म्हणाला, मॅनेजरला इथे काम करणाऱ्या माणसाचं नाव सांगता येत नाही असं मला लिहावं लागेल, आणि मग सलूनचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. बिश्केकचा पोरगा तो. घरात सून म्हणजे काय ते त्याने पाहिलंच नसावं.

मला सोपी पळवाट होती. सांगता आलं असतं, मी नुसती मालक, नवऱ्याचे केस कापते आहे, नवऱ्याच्या केसांना कसलं प्रमाणपत्र? ओठांवर आलंही होतं. पण मी बेगायिमकडे बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. ही पोरगी सलून जाऊ देईल, एवढ्या कष्टाची आपली जागा जाऊ देईल, पण माझ्यासमोर माझं नाव घेणार नाही, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. आणि फार लाज वाटली. तिच्या आईने तिला रीत शिकवली, ती मी आडोशाच्या भिंतीसारखी वापरली होती.

मी म्हटलं, “घे माझं नाव. मी सांगते आहे.”

तिने डोळे मिटले. “बुरुल,” ती म्हणाली. मग डोळे उघडून एका दमात म्हणाली, “बुरुल असानोवा. या सलूनच्या मालक. कंपनीचं प्रमाणपत्र नाही. तिन्ही ताकिदी त्यांच्याच. नियमाप्रमाणे आजपासून त्यांना इथे काम करता येणार नाही.”

मी परवानगी फक्त नावाची दिली होती! बाकीचं तिने स्वतःहून घातलं. मी कैची फळीवर ठेवली. म्हाताऱ्याने डोक्यावर कलपाक टोपी चढवली आणि अर्ध्या डोक्याने घरी निघून गेला. तो असता तर पुढचं काही घडलं नसतं.

बेगायिम थांबली नव्हती. तिने तो रेघांचा कागद काढून एमिलसमोर ठेवला. म्हणाली, मॅनेजरने दिलेलं प्रशिक्षण नियमाला चालतं. त्यांचं पूर्ण झालं आहे. रोज रात्री, घरी. परीक्षा बाकी आहे, ती तुमच्यासमोर आत्ता घेता येईल. पास झाल्या तर ताकिदी रद्द होतात, असंही नियमात आहे.

मी म्हटलं, कुठलं प्रशिक्षण? माझं कोणी घेतलं? वेरा खोकल्यासारखं करून खिडकीकडे वळली. आणि मग माझ्या डोक्यात एकेक रात्र उलगडत गेली. माझं पाठ होत नाही आपा, तुम्ही करून दाखवा आपा. मी तिला शिकवत होते म्हणे!

एमिलने कागद उलटसुलट बघितला. म्हणाला, ठीक, पण परीक्षेला गिऱ्हाईक लागेल. सलून रिकामं होतं, म्हाताराही अर्ध्या डोक्याने निघून गेला होता. वेरा म्हणाली, माझ्या केसांना मी देवालाही हात लावू देत नाही. तेव्हा बेगायिम तिसऱ्या खुर्चीत जाऊन बसली, मान वाकवून मागची गाठ सोडली, आणि डोक्यावरचा रुमाल मांडीवर ठेवला.

चार वर्षं ती माझ्या घरात आहे. रुमालाबाहेर डोकावणारी एखादी बट सोडली तर मी तिचे केस कधी पाहिले नव्हते. ते स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापलेले होते. स्वतःच्या हाताने, पाठीमागे हात नेऊन. एक बाजू बोटभर वर, टोकं फाटलेली, मानेजवळ चुकून खोल गेलेली एक खाच. गावभराचे केस मी कापते, आणि माझ्या घरातली ही पोर चोरून, आरशाशिवाय, चुलीशी उभी राहून आपले केस कापत होती. कापू का म्हणून मी कधी विचारलं नाही, आणि कापा म्हणायची तिची हिंमत झाली नाही.

मला रडू आलं, पण परीक्षा चालू होती. हात धुतले. कंगवा औषधाच्या पाण्यातून काढला. कापड तिच्या गळ्याभोवती बांधलं, आधी खाली कागदाची पट्टी लावायची तीसुद्धा लावली. मग आरशात तिच्याकडे बघत, पुस्तकात आहे तसं, मी माझ्या सुनेला आयुष्यात पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हटलं.

“तुम्हाला काय हवं आहे?”

तिने बराच वेळ काही सांगितलं नाही. माझ्या जिभेवर चार उत्तरं तयार होती. मी एकही बोलले नाही.

“कानापर्यंत,” ती म्हणाली. “मान मोकळी. आणि आपा, इथे काम करताना मला रुमाल नको आहे.”

सुनेचे केस कानापर्यंत! आणि उघडे! लोक काय म्हणतील, तिची आई काय म्हणेल, म्हातारा काय म्हणेल, हे सगळं माझ्या घशापर्यंत आलं. मला ते आवडलेलं नाही, हे मी इथे लिहून ठेवते. पण मी फक्त विचारलं, कपाळावर बटा ठेवायच्या का? ती म्हणाली, थोड्या.

मग मी कापायला लागले. हळू कापले. ती खाच बुजवायला मागून बरंच वर जावं लागलं, आणि खालून एक लांब, गोरी मान निघाली. ती सबंध वेळ डोळे उघडे ठेवून स्वतःला बघत होती.

एमिलने मला पास केलं. ‘ऐकणे’ या विषयात गिऱ्हाईक म्हणून बेगायिमने दिलेले गुण मी विचारले नाहीत, तिनेही सांगितले नाहीत. त्याने कागदांवर शिक्का मारला आणि जाताना हसून म्हणाला, मॅनेजर चांगली मिळाली आहे तुम्हाला. मी म्हटलं, हो, फार कडक आहे.

संध्याकाळी आम्ही दोघी एकत्र घरी चालत आलो. ती उघड्या डोक्याने, रुमाल पिशवीतच ठेवून, माझ्यापेक्षा एक पाऊल पुढे. वाटेत लोक वळून वळून बघत होते. फळवाली उठून उभी राहिली. मी प्रत्येकाला थांबवून सांगत होते, बघा नीट, हे केस मी कापले आहेत.